आईचे खडतर बालपण मुलांपर्यंत कसे पोहोचते?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका आईचे बालपण ऊसतोडीच्या फडावर गेले. आई-वडील कोयत्यावर जात आणि ही थोरली मुलगी कोपीत (फडाजवळच्या झोपडीत) राहून धाकट्या भावंडांना सांभाळी. हंगामात शाळा सुटे, वडील दारू पिऊन आईला आणि मुलांना मारीत. सतराव्या वर्षी तिचे लग्न झाले. आता त्या पुण्याजवळ राहतात, पतीला कायमची नोकरी आहे आणि घरात मारहाण नाही. पहिली मुलगी सव्वादोन किलो वजनाची जन्मली. ती आता साडेतीन वर्षांची आहे, अंगाने बारीक आहे, उशिरा बोलू लागली आणि मोठा आवाज झाला की आईला बिलगते. दुसऱ्या बाळाचा विचार सुरू आहे. ‘लहानपणीच्या त्रासाने आईची जनुके बदलतात आणि तो त्रास मुलांत उतरतो, असे मी मोबाईलवर पाहिले. माझ्या मुलीचे जे झाले ते माझ्यामुळे का? पुढच्या बाळाचेही तसेच होईल का?’ असे त्यांनी विचारले आहे. मुलीने हट्ट धरला की आपला हात उठतो आणि मग रात्रभर झोप लागत नाही, हेही त्यांनी लिहिले आहे.

ताई, आईच्या बालपणातील हालअपेष्टांचा तिच्या मुलांच्या प्रकृतीशी आणि वाढीशी संबंध असतो, हे पुरेशा अभ्यासांतून दिसून आले आहे आणि ते तुमच्यापासून लपवण्यात अर्थ नाही. मात्र ‘संबंध असतो’ आणि ‘माझ्यामुळे झाले’ या दोन विधानांत फार अंतर आहे. बालरोगतज्ज्ञ म्हणून वाढीच्या आणि बोलण्याच्या तक्रारी घेऊन येणारी मुले वर्षानुवर्षे पाहिल्यावर माझे मत असे झाले आहे की, आईचे बालपण मुलापर्यंत पोहोचते ते काही प्रमाणात तिच्या शरीरातून, काही प्रमाणात तिच्या मनःस्थितीतून आणि बऱ्याच प्रमाणात आज ती ज्या घरात राहते त्या घरातून. जनुकांवर बसलेला कायमचा शिक्का ही यातली सर्वांत कच्ची बाजू असून नेमका तिचाच गाजावाजा अधिक झाला आहे.

आधी शरीराचे पाहू, कारण तिथला पुरावा सर्वांत भक्कम आहे. मुलीची उंची किती भरणार, हे बरेचसे तिच्या पहिल्या दोन वर्षांतल्या पोषणावर आणि आजारपणांवर ठरते. ज्या मुलीला त्या वयात पोटभर मिळाले नाही, जी अशुद्ध पाणी पिऊन वारंवार जुलाबाने आजारी पडत राहिली, तिची उंची खुंटते आणि त्याबरोबर ओटीपोटाची हाडेही लहान राहतात. वयात येताना यातले थोडेफार भरून निघण्याची संधी असते. पण ती वर्षे मोळ्या बांधण्यात, पाणी वाहण्यात आणि लवकर झालेल्या लग्नात गेली, तर तीही हुकते. फार कमी उंचीच्या गर्भवतीची नोंद आपल्याकडे जोखमीच्या गर्भवतींत होते, ती याच कारणाने. ५४ देशांतील आरोग्य पाहण्यांची एकत्रित छाननी झाली, तेव्हा आईची उंची जितकी कमी तितका तिचे मूल खुजे राहण्याचा आणि पाच वर्षांच्या आत दगावण्याचा धोका अधिक, असे स्पष्ट दिसले. विसाव्या वर्षाच्या आत आलेले गरोदरपण, गरोदर राहण्यापूर्वीच कमी असलेले वजन आणि रक्तक्षय ही त्यात भर पडणारी कारणे आहेत. तुमची स्थिती अपवादात्मकही नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात २० ते २४ वर्षांच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षे पूर्ण होण्याआधी झाले होते, १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता आणि पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी होती. हे तीन आकडे पाहणीच्या अहवालात वेगवेगळ्या पानांवर असतात, पण बाह्यरुग्ण विभागात ते बहुधा एकाच घरातून, एकाच बाकावर येऊन बसतात.

याची उलट बाजूही सिद्ध झाली आहे आणि ती मला अधिक महत्त्वाची वाटते. ग्वाटेमालातील चार खेड्यांत १९६९ ते १९७७ या काळात एक प्रयोग झाला. दोन खेड्यांत लहान मुलांना आणि गरोदर स्त्रियांना ‘अतोले’ नावाचे प्रथिनयुक्त पेय दिले गेले, तर उरलेल्या दोन खेड्यांत प्रथिने नसलेले गोड पेय. पुढे त्या मुली मोठ्या झाल्या, त्यांची लग्ने झाली, त्यांना मुले झाली. लहानपणी अतोले मिळालेल्या मुलींची बाळे जन्मतः सरासरी ११६ ग्रॅमने अधिक वजनाची निघाली आणि पुढे त्यांची उंचीही सरासरी १.३ सेंटिमीटरने जास्त भरली. आईने ते पेय प्यायले होते ते स्वतः लहान मुलगी असताना. म्हणजे लहान मुलीच्या ताटात पडलेला घास तिच्या मुलांच्या वजनकाट्यावर दिसतो. तुमच्या मुलीला आज जे खाऊ-पिऊ घालाल ते एका अर्थी तुमच्या नातवंडांच्याही वाट्याला जाणार आहे. स्त्रीच्या बीजांडकोशातील बीजपेशी तर ती स्वतः आईच्या पोटात असतानाच तयार झालेल्या असतात.

आपल्याकडचा या विषयातला सर्वांत मोलाचा अभ्यास पुण्याजवळच्या सहा खेड्यांतला आहे. के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये तो सुरू केला आणि त्या वेळी जन्मलेल्या मुलांचा पाठपुरावा ती मोठी होईपर्यंत केला. शेतात राबणाऱ्या, अंगाने किरकोळ अशा त्या बायांच्या बाळांचे सरासरी वजन २.७ किलोच्या आसपास होते, तर तुलनेसाठी घेतलेल्या इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे साडेतीन किलोच्या आसपास. पण आपली बाळे सगळ्याच बाबतींत सारख्या प्रमाणात लहान नव्हती. स्नायू आणि पोटातले अवयव लहान राहिले होते, पाठीवरच्या कातडीखालची चरबी मात्र जवळजवळ जशीच्या तशी राखली गेली होती. गर्भात तुटवडा असताना शरीराने चरबी वाचवली आणि स्नायूंवर काटकसर केली. पुढे खाणे वाढले आणि हालचाल घटली की अशाच शरीराला मधुमेह लवकर गाठतो. याच अभ्यासात असेही दिसले की आईच्या पोटात एकूण किती उष्मांक गेले यापेक्षा पालेभाज्या, फळे आणि दूध तिने किती वेळा खाल्ले याचा बाळाच्या वजनाशी जवळचा संबंध होता. आणि विहिरीवरून पाणी आणणे, धुणी धुणे, शेतातली कष्टाची कामे ज्यांना गरोदरपणात अधिक करावी लागली, त्यांची बाळे लहान होती. बहुसंख्य स्त्रियांच्या रक्तात ब-१२ जीवनसत्त्व कमी आढळले. ज्यांचे ब-१२ कमी आणि फोलेट (फोलिक ॲसिडच्या गोळीतून मिळणारे जीवनसत्त्व) जास्त होते, त्यांच्या मुलांच्या शरीरात सहाव्या वर्षीच इन्सुलिनला दाद न देण्याची, म्हणजे मधुमेहाकडे झुकण्याची, प्रवृत्ती अधिक दिसली. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, कारण दुसऱ्या बाळाच्या तयारीत ती उपयोगी पडणार आहे.

आता मनाचे. अमेरिकेत व्हिन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट आन्डा यांनी १९९८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. घरातली मारहाण, शिवीगाळ, लैंगिक अत्याचार, आईला होणारी मारझोड, व्यसनी किंवा मानसिक आजारी किंवा तुरुंगात गेलेली घरातली व्यक्ती, अशा प्रकारच्या किती गोष्टी अठरा वर्षांच्या आत वाट्याला आल्या हे त्यांनी हजारो प्रौढांना विचारले. ज्यांच्या वाट्याला चार किंवा अधिक प्रकार आले होते त्यांच्यात दारूचे व्यसन, नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचे प्रमाण असे काहीच न भोगलेल्यांपेक्षा चार ते बारा पट होते. हृदयविकार आणि श्वसनाचे आजारही अधिक होते. पुढे अशा स्त्रियांची गरोदरपणे आणि मुले अभ्यासली गेली, तेव्हा गरोदरपणातील गुंतागुंत, बाळंतपणानंतरचे नैराश्य आणि मुलांच्या वागण्याच्या व वाढीच्या तक्रारी काहीशा अधिक आढळल्या. ‘काहीशा’ हा शब्द मी विचारपूर्वक वापरला आहे. बालपणी भोगलेल्या प्रकारांची अशी बेरीज मोठ्या लोकसमूहातला धोका सांगते. एका विशिष्ट आईच्या विशिष्ट मुलाचे भविष्य ती सांगत नाही. खुद्द आन्डा यांनी २०२० मध्ये सहकाऱ्यांसह लेख लिहून एकेका माणसाचे निदान करण्यासाठी ही गुणसंख्या वापरू नका, असा इशारा दिला. मोबाईलवर जी प्रश्नावली भरून घेतात आणि शेवटी लाल रंगात एक आकडा दाखवून घाबरवतात, तिचा आकडा निकाल म्हणून मनावर घेऊ नका.

मनातला जुना त्रास बाळापर्यंत जातो कसा? गरोदरपणात दीर्घकाळ भीती किंवा ताण असेल तर आईच्या रक्तात तणावाच्या संप्रेरकाचे प्रमाण वाढलेले राहू शकते. वारेत ते निष्प्रभ करणारी एक यंत्रणा असते, त्यामुळे बाळापर्यंत त्याचा थोडाच भाग पोहोचतो. पण ताण फार काळ आणि फार तीव्र असेल तर ती यंत्रणा पुरी पडत नाही. हा झाला जन्माआधीचा मार्ग. माझ्या अनुभवात मात्र जन्मानंतरचा मार्ग अधिक मोठा असतो आणि त्याचे नाव बहुतेक वेळा नैराश्य असते. गोव्यातील एका जिल्हा रुग्णालयात विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी २७० मातांचा अभ्यास केला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी त्यांतल्या २३ टक्के मातांना नैराश्य होते. पैशाची ओढाताण, नवऱ्याशी बिघडलेले संबंध, मारहाण आणि मुलगी झाल्याची नाराजी ही त्यामागची कारणे होती. या मातांची बाळे सहा महिन्यांची होईपर्यंत वजनात मागे पडण्याचे प्रमाण इतरांच्या दुपटीहून अधिक होते. यात विशेष गूढ काही नाही. ज्या बाईला पहाटे तीनला जाग येते आणि परत झोप लागत नाही, जिला स्वतःच्या तोंडात घास घालावासा वाटत नाही, तिने दिवसातून आठ-दहा वेळा बाळाला हसत पाजावे, ते रडले की कशासाठी रडते याचा अंदाज घ्यावा, लसीची तारीख ध्यानात ठेवावी, ही अपेक्षाच अवाजवी आहे. दुधाचे आणि घासाचे वेळापत्रक चुकते. त्याहून अधिक, बाळाशी बोलणे थांबते.

हे ‘बोलणे’ म्हणजे काय ते तपासणीच्या खोलीत चांगले दिसते. माझ्या टेबलाशेजारी एका टोपलीत लाकडी ठोकळे, चमचे, वाट्या ठेवलेल्या असतात. मूल टोपलीकडे जाते, एक ठोकळा उचलते आणि लगेच वळून आईच्या तोंडाकडे बघते. आई म्हणाली, ‘अरे वा, लाल मिळाला का?’ की ते दुसरा उचलते. आई थकलेली असेल, भेदरलेली असेल किंवा ‘डॉक्टर रागावतील, ठेव ते’ असे म्हणाली, तर ठोकळा टोपलीत जातो आणि मूल मांडीवर परत येते. एवढीशी देवाणघेवाण, पण ती दिवसातून शंभरदा होते किंवा होत नाही, आणि दोन-तीन वर्षांनी मुलाच्या बोलण्यात आणि धिटाईत त्याचा फरक पडतो. लहानपणी ज्या मुलीला गप्प बसणे हाच मारापासून बचाव होता, ती आई झाल्यावर मुलाशी कमी बोलते, असे मी पुष्कळदा पाहिले आहे. तिला माया कमी असते असे मुळीच नाही. लहान मुलाशी असे बोलायचे असते हे तिच्याशी कोणी तसे बोलले नसल्याने तिला ठाऊक नसते.

आता तुम्ही पाहिलेल्या जनुकांच्या चित्रफितीबद्दल. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन सैन्याने नाकेबंदी केल्यामुळे पश्चिम नेदरलँड्समध्ये भीषण उपासमार झाली. त्या काळात पोटात असलेल्या मुलांचा पुढे अनेक दशके अभ्यास झाला. गरोदरपणाच्या सुरुवातीला उपासमार झालेल्यांमध्ये पुढे हृदयविकार आणि स्किझोफ्रेनिया हा गंभीर मानसिक आजार यांचे प्रमाण अधिक आढळले, आणि २००८ मध्ये असेही प्रसिद्ध झाले की साठ वर्षांनंतरही वाढीशी संबंधित एका जनुकावरील रासायनिक खुणा त्यांच्या न उपाशी राहिलेल्या भावंडांपेक्षा वेगळ्या होत्या. जनुक तेच राहते, ते किती चालू-बंद राहावे याच्या खुणा बदलतात, एवढाच याचा अर्थ. पण ही माणसे स्वतः उपासमारीच्या काळात गर्भात होती. आईने दहाव्या वर्षी सोसलेली मारहाण अशा खुणांच्या रूपाने पंधरा वर्षांनी तिच्या बाळात उतरते, याचा मानवांतील पुरावा आज तरी फार तोकडा आहे.

उंदरांवरचे प्रयोग मात्र बोलके आहेत, आणि चित्रफितीत बहुधा त्यांचा अर्धाच भाग सांगितला जातो. माँट्रिअलच्या मॅकगिल विद्यापीठात मायकेल मीनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले की ज्या उंदरीण माता पिल्लांना कमी चाटतात, त्यांची पिल्ले मोठेपणी भित्री होतात, त्यांच्या मेंदूत तणाव आवरणाऱ्या जनुकावर वेगळ्या खुणा असतात आणि त्यातल्या माद्या स्वतःच्या पिल्लांनाही कमी चाटतात. एवढे ऐकले की हा आनुवंशिक शापच वाटतो. पण संशोधकांनी पुढे कमी चाटणाऱ्या आईची पिल्ले जन्मताच भरपूर चाटणाऱ्या मादीच्या कुशीत ठेवली. ती पिल्ले शांत निघाली, खुणाही त्यानुसार बदलल्या आणि पुढे त्यांतल्या माद्यांनी आपली पिल्ले भरपूर चाटली. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या जे चालत आले होते ते रक्तातून येत नव्हते, रोजच्या सांभाळातून येत होते. उंदरावरून माणसावर थेट उडी मारू नये हे खरे. तरीही जो निष्कर्ष तुम्हाला घाबरवण्यासाठी वापरला गेला, त्याच प्रयोगाचा उत्तरार्ध नेमका उलट दिशेने जातो.

तुमच्या मुलीकडे येते. सव्वादोन किलो वजन हे अडीच किलोच्या मर्यादेखालचे आहे, पण त्याचे कारण ठरवण्यापूर्वी ती किती आठवड्यांची जन्मली हे पाहिले पाहिजे. छत्तीस आठवड्यांचे सव्वादोन किलो आणि चाळीस आठवड्यांचे सव्वादोन किलो यांचा अर्थ निराळा आहे. ‘बारीक’ हा शब्द शेजारणीच्या मुलाशी तुलना करून आलेला असेल तर तो बाजूला ठेवा आणि अंगणवाडीत किंवा डॉक्टरांकडे तिची उंची आणि वजन वाढीच्या तक्त्यावर मांडून घ्या. गेल्या वर्षभरात रेषा वर जात असेल तर काळजी कमी. सपाट झाली असेल तर हिमोग्लोबिन, जंत, लघवीतील जंतुसंसर्ग आणि आहार या सगळ्यांकडे बघावे लागेल. आणि कृपा करून तिला घाईघाईने ‘भरून काढण्यासाठी’ बिस्किटे, जाहिरातीतल्या भुकट्या आणि तळलेले पदार्थ चारू नका. दिल्लीतील एका दीर्घ अभ्यासात असे दिसले की तिशीच्या आसपास ज्यांना मधुमेह किंवा त्याची पूर्वावस्था होती, ते पहिल्या दोन वर्षांत बारीक होते आणि नंतर बालपणात त्यांचे वजन उंचीच्या मानाने झपाट्याने वाढत गेले होते. जन्मतः लहान असलेल्या मुलाला डाळ, अंडे, दूध, शेंगदाणे, पालेभाजी आणि पळायला अंगण लागते. चरबीने गुटगुटीत झालेले मूल घरच्यांना बरे वाटते, पण त्यातून तिचे काही भले होत नाही.

बोलण्याबाबत पहिली तपासणी कानांची, मग ऐकू येते असे तुम्हाला कितीही वाटत असले तरी. साडेतीन वर्षांच्या मुलीने तीन-चार शब्दांची वाक्ये करावीत आणि परक्या माणसालाही तिचे बरेचसे बोलणे कळावे, ही साधारण अपेक्षा आहे. ती तिथवर पोहोचली असेल तर उशिरा सुरुवात झाली एवढ्यावरून चिंता नको. पोहोचली नसेल तर ‘होईल आपोआप, तिचा बापही उशिरा बोलला’ या घरगुती धीरावर आणखी सहा महिने घालवू नका. जिल्हा रुग्णालयांशी संलग्न असलेल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली अशी तपासणी आणि वाणी-उपचार विनामूल्य मिळतात. अंगणवाडीच्या तपासणी पथकाकडून चिठ्ठी घेतली तर सोपे जाते. पडद्यासमोरचा वेळ दिवसाला तासाच्या आत आणा. त्याची जागा काय घेणार, हा खरा प्रश्न असतो, आणि त्याला खर्च लागत नाही. मेथी निवडताना तिला शेजारी बसवा, काड्या एकीकडे आणि पाने दुसरीकडे करायला सांगा, ती जे बोलेल त्यात एक शब्द घालून परत म्हणा: ती ‘पान’ म्हणाली तर तुम्ही ‘हिरवं पान’. जमैकात खुज्या राहिलेल्या लहानग्यांच्या घरी दोन वर्षे आठवड्यातून एकदा तासभर आरोग्यसेविका जात आणि घरगुती खेळण्यांनी आईला मुलाशी असेच खेळायला शिकवीत. वीस वर्षांनी त्या मुलांची कमाई, असे काही न मिळालेल्या त्याच स्थितीतल्या मुलांपेक्षा सरासरी २५ टक्क्यांनी अधिक भरली. त्या मातांचे बालपण कोणी बदलले नव्हते.

मोठा आवाज झाला की ती तुम्हाला बिलगते, याची तुम्ही तक्रार म्हणून नोंद केली आहे. मी ती दुसऱ्या रकान्यात लिहीन. घाबरलेले मूल ज्या माणसाकडे धावते, तो माणूस त्याला सुरक्षित वाटत असतो. चार-पाच मिनिटांत शांत होऊन ती परत खेळायला जात असेल, तर तिचे आणि तुमचे नाते मुळाशी चांगले आहे. ती कोणाकडेच जात नसती, किंवा तुमच्याकडे पाहून थिजत असती, तर मी अधिक काळजीत पडले असते.

हात उठण्याबद्दल स्पष्ट लिहिते. मारणे थांबलेच पाहिजे. पण स्वतःला दोष देत रात्र जागून काढल्याने ते थांबत नाही, उलट दुसऱ्या दिवशी झोप अपुरी असल्याने हात लवकर उठतो. बहुतेक मातांच्या बाबतीत हे प्रसंग ठरावीक वेळी येतात: संध्याकाळी सहा ते आठ, स्वयंपाक अर्धवट, मूल भुकेले, घरात मदतीला कोणी नाही. आठवडाभर केव्हा आणि कशावरून झाले एवढे कॅलेंडरवर लिहून पाहा. भुकेचा हट्ट पाच वाजता उकडलेला बटाटा किंवा केळे दिल्याने निम्मा होतो, हे बाळबोध वाटले तरी खरे आहे. राग चढतो आहे असे छातीत, जबड्यात जाणवले की गॅस बंद करा, मुलीला सुरक्षित जागी बसवा, दुसऱ्या खोलीत जाऊन तोंडावर पाणी मारा आणि मग परत या. तरीही हात उठलाच तर नंतर तिला जवळ घेऊन ‘मी रागावले, मी मारायला नको होते’ असे साध्या शब्दांत सांगा. तुमच्या वडिलांनी हे कधी सांगितले नसेल; तुमच्या मुलीला ऐकायला मिळेल, हा फरक लहान नाही.

झोप न लागणे, जुने प्रसंग डोळ्यांसमोर येणे, कुणी ओरडले की अंग कापणे, कशातच मन न लागणे, हे दोन आठवड्यांहून अधिक काळ चालू असेल तर तो तुमच्या स्वभावाचा भाग समजू नका. त्यावर उपचार आहेत. १४४१६ या टेलि-मानस (सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनी) क्रमांकावर मराठीत विनामूल्य बोलता येते आणि गरजेप्रमाणे जवळच्या मानसोपचार विभागाचा पत्ता मिळतो. पाकिस्तानात रावळपिंडीच्या ग्रामीण भागात, आपल्या आशांसारख्या गावच्याच आरोग्यसेविकांना थोडे प्रशिक्षण देऊन नैराश्य असलेल्या गरोदर स्त्रियांशी घरी जाऊन बोलण्याचे काम दिले गेले. बाळ सहा महिन्यांचे झाले तेव्हा त्या गटातल्या २३ टक्के मातांमध्ये नैराश्य उरले होते, तर केवळ नेहमीच्या भेटी मिळालेल्या गटात ५३ टक्के मातांमध्ये. बाळांचे वजन-उंची त्याने फारशी बदलली नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. पण जुलाब कमी झाले आणि लसीकरण अधिक पूर्ण झाले.

दुसऱ्या बाळाचे ‘तसेच’ होण्याचे कारण नाही, कारण तुम्ही आता सतरा-अठरा वर्षांच्या नाही, फडावर नाही आणि तयारीला वेळ आहे. ही तयारी दिवस राहिल्यावर सुरू करायची नसते. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत २००६ पासून झालेल्या एका मोठ्या प्रयोगात स्त्रियांना गर्भधारणेच्या आधीपासून पालेभाजी, फळे आणि दूध घातलेला खाऊ रोज दिला गेला. सर्व स्त्रियांचा एकत्र हिशेब केला तेव्हा बाळांच्या वजनात फरक दिसला नाही. पण ज्यांनी गर्भधारणेपूर्वी किमान ९० दिवस तो खाल्ला होता त्यांची बाळे सरासरी ४८ ग्रॅमने जास्त भरली, आणि गरोदरपणातील मधुमेह १२.४ टक्क्यांऐवजी ७.३ टक्के स्त्रियांत आढळला. अगदी अशक्त स्त्रियांना मात्र या खाऊचा वजनात फायदा कमी झाला. वर्षानुवर्षांची तूट एका खाऊने भरत नाही, असा मी त्याचा अर्थ घेते. म्हणून किमान तीन महिने आधी हिमोग्लोबिन, ब-१२, थायरॉईड आणि साखर तपासून घ्या. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर आधी ते वर आणा. फोलिक ॲसिड गर्भधारणेपूर्वी सुरू करायचेच असते, पण घरात मांसाहार नसेल किंवा दूध-दही क्वचित असेल तर ब-१२ कमी नाही ना हे पाहूनच. पुण्याच्या अभ्यासातली ती गोष्ट इथे लागू पडते.

शेवटी ज्या घराचा मी सुरुवातीला उल्लेख केला त्याबद्दल तुमच्या पतींना आणि घरात सासूबाई असतील तर त्यांनाही सांगायचे आहे. मारहाण नाही म्हणून घरात ताण नाही, असे होत नाही. सगळ्यांचे झाल्यावर उरलेल्या भाजीत जेवणारी बाई, चांगल्या पगाराच्या घरातही कुपोषित राहू शकते. गरोदरपणात तिने सर्वांबरोबर ताट वाढून घेणे हे गोळ्यांइतकेच आवश्यक आहे. पाण्याचे हंडे आणि जड धुणे शेवटच्या महिन्यांत दुसऱ्या कुणी उचलले पाहिजे. संध्याकाळच्या त्या दोन तासांत मुलीला वडिलांनी बाहेर फिरवून आणले, तर वर लिहिलेले अर्धे उपाय सोपे होतील. तपासणीला याल तेव्हा तेही बरोबर असू द्या, आणि मुलीच्या जन्माच्या वेळचा रुग्णालयाचा कागद व माता-बाल संरक्षण कार्ड आणा. किती आठवड्यांची जन्मली आणि पहिल्या वर्षी वजन कसे वाढले, हे त्यावरून कळेल आणि मग तिच्या वाढीबद्दल अंदाजाने बोलावे लागणार नाही.